गायनवृंदाच्या मदतीला घरचा संगणक : संगीताचे पहिले सॉफ्टवेअर निवडताना

आपल्या धर्मग्रामांतील गायनवृंदांकडे गीतांच्या वह्या पुष्कळ असतात. प्रवेशगीतापासून समारोपगीतापर्यंत सर्व शब्द त्यांत नीट उतरवलेले असतात. चाल मात्र वहीत नसते. ती पेटीवर बसणाऱ्या मास्तरांच्या बोटांत आणि चार-दोन ज्येष्ठ गायक-गायिकांच्या कंठात असते. ही माणसे थकली, परगावी गेली अथवा देवाघरी गेली, की शब्द वहीत तसेच राहतात आणि गीत मात्र कोणाला गाता येत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, म्हणून चारशे वर्षांनंतरही त्यातील ओव्या आपल्या हाती आहेत. परंतु छापील पान शब्द राखते, चाल राखण्याची सोय त्यात आपोआप होत नाही.

आज अनेक घरांत संगणक आहे. मुलांचा अभ्यास, बँकेचे व्यवहार आणि परदेशी असलेल्या आप्तांशी बोलणे यांसाठी तो वापरला जातो. त्याच संगणकावर चाल जतन करता येते, तिची स्वरलिपी लिहिता येते आणि गायनवृंदाच्या सरावासाठी साथही तयार करता येते. त्यासाठी लागणारी अनेक सॉफ्टवेअर मोफत उपलब्ध आहेत. गायनवृंदातील तरुण मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात, "सर्वांत चांगले सॉफ्टवेअर कोणते?" या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, कारण काम कोणते हे ठरल्याशिवाय साधन ठरत नाही. म्हणून आम्ही हा विषय येथे कामाच्या क्रमाने मांडत आहोत.

तीन वेगळी कामे

संगीताची सॉफ्टवेअर ढोबळमानाने तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार ध्वनिमुद्रणाचा. समोर जे गायले-वाजवले जाते ते टिपून घेणे, त्यातील नको तो भाग कापणे व आवाज स्वच्छ करणे हे त्याचे काम. दुसरा प्रकार स्वरलेखनाचा. त्यात पाच रेघांच्या पाश्चात्त्य पद्धतीने स्वरलिपी लिहिता येते, तिच्याखाली शब्द मांडता येतात आणि कागदावर छापून काढता येते. तिसरा प्रकार संगीतरचनेचा. त्यात पेटी, गिटार, बासरी, ताल व गायन असे अनेक पदर एकावर एक रचून संपूर्ण गीत बांधले जाते.

नवशिक्याची फसगत बहुधा येथेच होते. कोणीतरी तिसऱ्या प्रकारातील एखादे मोठे सॉफ्टवेअर सुचवतो, ते उघडल्यावर पडद्यावर शेकडो बटणे दिसतात आणि आठवडाभरात उत्साह मावळतो. वास्तविक गायनवृंदाची निकड पहिल्या दोन प्रकारांतच भागते. आमची सूचना अशी की, ध्वनिमुद्रणापासून आरंभ करावा, मग स्वरलेखनाकडे वळावे आणि गरज पटली तरच तिसरी पायरी चढावी.

पहिली पायरी : ध्वनिमुद्रण

या कामासाठी 'ऑडॅसिटी' हे नाव प्रथम घ्यावे लागेल. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ साली याची सुरुवात झाली आणि २००० साली ते लोकांसाठी खुले झाले. ते मोफत असून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. लाल बटण दाबले की मुद्रण सुरू होते, चौकोनी बटण दाबले की थांबते. इतके कळले तरी पहिल्या दिवशी एक गीत जतन होऊ शकते.

मुद्रण करताना काही गोष्टी पाळाव्यात. पंखा बंद करावा, खिडक्या लावून घ्याव्यात. गायन सुरू होण्यापूर्वी आठ-दहा सेकंद सर्वांनी शांत राहावे. या शांततेचा उपयोग नंतर होतो. तेवढाच भाग निवडून 'नॉइज रिडक्शन' या सोयीला खोलीतील घरघरीचा नमुना दाखवायचा आणि मग संपूर्ण गीतातून ती घरघर कमी करायची. आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी लाल टोकाला भिडू देऊ नये. आवाज कमी मुद्रित झाला तर तो वाढवता येतो, पण फाटलेला आवाज पूर्ववत करणे कठीण असते.

सरावासाठी ऑडॅसिटीत दोन सोयी विशेष उपयोगाच्या आहेत. एकीने गीताची लय कमी करता येते, पण पट्टी बदलत नाही. दुसरीने पट्टी वर-खाली करता येते, पण लय तीच राहते. नवीन गीत शिकणाऱ्यांना ते संथ लयीत ऐकवावे, आणि आवाज उंच चढत नसेल तर एक-दोन सुरांनी खाली उतरवून द्यावे.

पुष्कळ जण मोबाइलवर मुद्रण करतात. तेही चालेल. मात्र मोबाइलच्या काही प्रकारच्या फाइली विंडोजवरील ऑडॅसिटीत थेट उघडत नाहीत. त्यासाठी 'एफएफएमपेग' नावाचे मोफत पूरक सॉफ्टवेअर जोडावे लागते.

दुसरी पायरी : स्वरलेखन

ध्वनिमुद्रणामुळे चाल टिकते, पण ती दुसऱ्या धर्मग्रामातील गायनवृंदाला वाचून गाता यावी यासाठी स्वरलिपी हवी. या कामासाठी 'म्यूझस्कोर' हे मोफत सॉफ्टवेअर नवशिक्यांना सोयीचे आहे. त्याची चौथी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली आणि २०२४ पासून ते 'म्यूझस्कोर स्टुडिओ' या नावाने ओळखले जाते. येथे एक खबरदारी सांगितली पाहिजे. याच नावाची दोन संकेतस्थळे आहेत. 'डॉट ऑर्ग' असलेल्या संकेतस्थळावरून सॉफ्टवेअर मोफत मिळते, तर 'डॉट कॉम' असलेले संकेतस्थळ इतरांनी लिहिलेल्या स्वरलिपींच्या देवाणघेवाणीसाठी आहे व तेथे सशुल्क सभासदत्व असते. सॉफ्टवेअर वापरण्यासाठी पैसे भरावे लागत नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

म्यूझस्कोरमध्ये संगणकाच्या कळफलकावरील 'ए' ते 'जी' ही अक्षरे दाबून सूर लिहिता येतात. लिहिलेले लगेच वाजवून ऐकता येते, त्यामुळे चूक कानाला कळते. सुरांखाली युनिकोड देवनागरीत शब्द लिहिता येतात. शब्दांची अक्षरे सुरांप्रमाणे सुटी करून मांडण्यास थोडा धीर लागतो, पण एकदा सवय झाली की एक गीत एका संध्याकाळी पूर्ण होते.

चार आवाजांत गाणाऱ्या गायनवृंदाला याचा आणखी एक लाभ आहे. सोप्रानो, आल्टो, टेनर व बास या चारही ओळी लिहून झाल्यावर हवी ती ओळ मोठ्याने आणि बाकीच्या हळू वाजवता येतात. आल्टो गाणाऱ्या भगिनींना केवळ त्यांची ओळ ठळक असलेली फाइल पाठवली, तर त्या घरकाम करता करताही सराव करू शकतात. पवित्र आठवड्यासारख्या काळात, जेव्हा गीते अनेक आणि सरावाचे दिवस थोडे असतात, तेव्हा याचे मोल कळते.

आपली पट्टी, आपला ताल

ही सॉफ्टवेअर परदेशी पद्धतीने बनलेली असल्याने पेटीवर वाढलेल्या आपल्या गायकांना सुरुवातीला नावे अनोळखी वाटतात. त्यांचा मेळ घालणे सोपे आहे. आपण ज्याला पांढरी एक म्हणतो तो 'सी', काळी एक म्हणजे 'सी शार्प', पांढरी दोन म्हणजे 'डी', काळी दोन म्हणजे 'डी शार्प' आणि पांढरी चार म्हणजे 'एफ'. प्रारंभी सर्व गीते पांढरी एकचा षड्ज धरून लिहावीत. नंतर काळी एक, पांढरी चार अशी हवी ती पट्टी सॉफ्टवेअरकडून एका आज्ञेने बदलून घ्यावी.

तालाचेही तसेच. नवीन काम उघडले की अशी बहुतेक सॉफ्टवेअर चार मात्रांचा पाश्चात्त्य ताल गृहीत धरतात. केरव्याच्या आठ मात्रा त्यात सहज बसतात. दादऱ्यातील गीत मात्र त्या चौकटीत लिहू लागलो तर सम कोठेच जुळत नाही. त्यासाठी आरंभीच 'सहा-आठ' हे मान निवडावे, आणि रूपकाच्या सात मात्रांसाठी 'सात-आठ'. लय दर मिनिटाला किती ठोके अशा आकड्यात सांगावी लागते. मास्तरांच्या हाताची लय मोजून तो आकडा आधीच लिहून ठेवला, तर पुढचे काम बिनचूक होते.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. रागावर आधारलेल्या भक्तिगीतातील मींड, कणस्वर आणि गळ्याची हरकत पाच रेघांवर पूर्णपणे उतरत नाही. म्हणून अशा गीताची स्वरलिपी लिहिली तरी मूळ गायकाच्या आवाजातील मुद्रण तिच्यासोबत असावेच.

तिसरी पायरी : साथसंगत आणि रचना

ज्यांना स्वतः गीताची संपूर्ण साथ बांधावयाची आहे, त्यांनी प्रथम 'मिडी' हा शब्द समजून घ्यावा. निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू शकावीत म्हणून १९८३ साली ही पद्धत ठरली. मिडी फाइलीत आवाज साठवलेला नसतो. कोणती कळ, केव्हा, किती जोराने व किती वेळ दाबली एवढ्याच सूचना असतात. त्यामुळे एकदा वाजवलेली चूक नंतर दुरुस्त करता येते आणि पेटीसाठी वाजवलेले बासरीच्या आवाजात ऐकता येते. घरात मिडीची सोय असलेला कीबोर्ड असेल तर तो तारेने संगणकाला जोडता येतो.

मिडीच्या १९९१ साली ठरलेल्या प्रमाण यादीत १२८ वाद्ये आहेत. त्यांत सतार आहे, शहनाई आहे, पण तबला आणि आपली पेटी नाही. नवशिक्याला सॉफ्टवेअरमध्ये तबला सापडत नाही त्याचे एक कारण हे आहे. यावर आमच्या मते उत्तम उपाय म्हणजे धर्मग्रामातील तबलावादकालाच बोलावून त्यांचे वादन मुद्रित करणे. त्यात आपल्या गाण्याचा ठेका येतो आणि एक माणूसही सेवेत जोडला जातो.

सॉफ्टवेअर कोणते, हे संगणकावर अवलंबून आहे. ॲपलचा संगणक असेल तर २००४ साली आलेले 'गॅरेजबँड' मोफत मिळते आणि नवशिक्यांना त्याहून सोपे साधन क्वचितच सापडेल, पण ते विंडोजवर चालत नाही. विंडोज किंवा लिनक्स असेल तर 'वेव्हफॉर्म फ्री' मोफत आहे आणि त्यात पदरांच्या संख्येवर मर्यादा नाही. 'एलएमएमएस' हेही मोफत आहे, परंतु त्याच्या १.२ या आवृत्तीत गायन थेट मुद्रित करता येत नाही. ज्यांना गायनच मुद्रित करावयाचे आहे त्यांची तेथे निराशा होईल. 'रीपर' ६० दिवस पूर्णपणे वापरून पाहता येते, नंतर परवाना घ्यावा लागतो. ते हलके आहे आणि जुन्या संगणकावरही चांगले चालते, मात्र शिकण्यास वेळ लागतो. 'एफएल स्टुडिओ' तरुणांत लोकप्रिय आहे. त्याच्या विनामूल्य चाचणी आवृत्तीत काम साठवता येते, पण विकत घेईपर्यंत ते पुन्हा उघडता येत नाही. हे आधी न कळल्यास रात्रभराची मेहनत अडकून पडते.

किती साहित्य लागेल?

प्रारंभी खर्च करू नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. ४ जीबी रॅमच्या संगणकावर ऑडॅसिटी व्यवस्थित चालते. म्यूझस्कोरच्या चौथ्या आवृत्तीसाठी ६४ बिट संगणक व विंडोज १० किंवा त्यापुढील प्रणाली लागते. अनेक पदरांची रचना करावयाची असल्यास ८ जीबी रॅम बरी. पहिली खरेदी कानाला घट्ट बसणाऱ्या हेडफोनची करावी, कारण साथ ऐकत गाताना ती साथ माइकमध्ये पुन्हा शिरता कामा नये. दुसरी खरेदी साध्या यूएसबी माइकची. बाकी सर्व नंतर.

कधी कधी गाताना आपलाच आवाज हेडफोनमध्ये किंचित उशिरा ऐकू येतो आणि ताल सुटतो. संगणकाला आवाज आत घेऊन परत बाहेर सोडण्यास लागणारा हा वेळ आहे. यात माइक नादुरुस्त नसतो. सॉफ्टवेअरमधून स्वतःचा आवाज ऐकण्याची सोय बंद ठेवली की बहुधा ही अडचण मिटते.

जागेचा हिशेबही माहीत असावा. सीडीच्या दर्जाचे दोन वाहिन्यांचे मुद्रण मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेते. चार मिनिटांचे गीत 'वेव्ह' प्रकारात सुमारे ४२ एमबी होते, तर साधारण दर्जाच्या 'एमपीथ्री' प्रकारात चार एमबीच्या आत बसते. एमपीथ्री करताना आवाजातील काही भाग कायमचा गाळला जातो. म्हणून जतनासाठी वेव्ह ठेवावी आणि मोबाइलवर पाठवण्यासाठी एमपीथ्री करावी.

सॉफ्टवेअर जाते, गीत राहिले पाहिजे

'केकवॉक' हे १९८७ साली आलेले संगीताचे नामांकित सॉफ्टवेअर. २०१७ साली त्याची निर्मिती थांबवण्यात आली. २०१८ साली दुसऱ्या कंपनीने ते घेऊन मोफत दिले आणि २०२३ साली त्याची जागा 'सोनार' घेईल असे जाहीर झाले. केवळ त्याच्याच स्वरूपात काम साठवणाऱ्यांना दर वेळी काळजी करावी लागली असेल. यावरून बोध असा की, प्रत्येक गीत सर्वत्र उघडतील अशा प्रकारांतही ठेवावे. ध्वनिमुद्रण वेव्हमध्ये, स्वरलिपी पीडीएफ व म्युझिकएक्सएमएलमध्ये, साथ मिडीमध्ये. फाइलीच्या नावात गीताचा आरंभ, पट्टी आणि वर्ष लिहावे. एक प्रत घरी, एक धर्मग्रामाच्या कार्यालयात आणि एक अन्य ठिकाणी असावी. पावसाळ्यात संगणक भिजला तरी गीत वाचेल.

सातवी आज्ञा संगणकालाही लागू आहे

महागड्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती सहज मिळतात आणि "देवाच्याच कामासाठी तर वापरतो" असे समर्थनही केले जाते. चोरी करू नये ही आज्ञा हेतू पाहून शिथिल होत नाही. शिवाय अशा प्रतींबरोबर संगणकात विषाणू शिरू शकतो. मोफत व उत्तम साधने असताना त्या वाटेला जाण्याचे कारणच उरत नाही.

गीतांच्या हक्कांचाही विचार व्हावा. भारतीय कायद्यानुसार गीतकार व संगीतकार यांचा हक्क त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली निवर्तले, त्यामुळे त्यांचे शब्द आज सर्वांचे आहेत. पण त्या शब्दांना अलीकडे कोणी नवी चाल दिली असेल, तर त्या चालीवर तिच्या कर्त्याचा हक्क आहे. हयात गीतकाराला वा संगीतकाराला भेटून परवानगी घ्यावी, आणि त्यांचे नाव स्वरलिपीवर लिहावे.

वेदीजवळ यंत्राची जागा कोणती?

संगणकावर सुरेख साथ तयार झाली, की ती ख्रिस्तयागात ध्वनिक्षेपकावर लावण्याचा मोह होतो. याविषयी ख्रिस्तसभेची भूमिका जाणून घेणे अगत्याचे आहे. ३ सप्टेंबर १९५८ रोजी रोमहून निघालेल्या संगीतविषयक सूचनापत्रात, ध्वनिमुद्रिका व तत्सम यंत्रांनी उपासनेत गायनवृंदाची अथवा भाविकांची जागा घेऊ नये, त्यांच्या गायनाला आधारही देऊ नये, असे स्पष्ट सांगितले होते. मात्र उपासनेच्या बाहेर, लोकांना गीते शिकवण्यासाठी त्यांचा वापर करण्यास तेथेच मुभा होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान संमत केले आणि त्यात भाविकांच्या सक्रिय सहभागावर, लोकगायनावर आणि त्या त्या लोकांच्या संगीतपरंपरेवर भर दिला. मुलांच्या ख्रिस्तयागाविषयीच्या १९७३ सालच्या मार्गदर्शिकेत, बिशप परिषदेच्या नियमांना अनुसरून, तांत्रिक साधनांतून निर्माण होणाऱ्या संगीताला काही मोकळीक दिलेली आढळते.

यामागील कारण समजण्याजोगे आहे. ख्रिस्तयागात गाणारा समुदाय स्वतः प्रार्थना करत असतो. मुद्रित साथ कोणासाठी थांबत नाही. धर्मगुरूंचे अर्पण लांबले, ख्रिस्तप्रसादाची रांग मोठी असली, वृद्ध आजी ओळ संथपणे म्हणू लागल्या, तरी यंत्र आपल्याच गतीने पुढे जाते. पेटीवर बसलेला माणूस त्यांच्यासाठी थांबतो. म्हणून संगणकाची जागा सरावाच्या खोलीत असावी आणि वेदीजवळ जिवंत कंठ व हात असावेत. एखाद्या लहान धर्मग्रामात वादकच नसेल तर काय करावे, हे आपल्या धर्मगुरूंना विचारून ठरवावे.

कोठून आरंभ करावा?

पहिल्या आठवड्यात ऑडॅसिटी उतरवून घ्यावे आणि स्वतःचाच आवाज मुद्रित करून पाहावा. दुसऱ्या आठवड्यात धर्मग्रामातील सर्वांत ज्येष्ठ गायक वा गायिकेच्या घरी जावे. वहीत शब्द आहेत पण आता फारसे कोणी गात नाही, असे एक गीत त्यांच्याकडून म्हणवून घ्यावे. ते कोणी शिकवले, कोणत्या सणाला गायले जाई, हेही त्यांच्याच आवाजात टिपावे. सामवेदी अथवा वाडवळी बोलीतील लग्नगीते त्यांना येत असतील तर तीही सोडू नयेत. तिसऱ्या व चौथ्या आठवड्यात म्यूझस्कोरमध्ये त्या गीताची स्वरलिपी लिहावी आणि मास्तरांकडून तपासून घ्यावी.

संगीतकारांच्या आश्रयदात्या संत सिसिलिया यांचा सण २२ नोव्हेंबर रोजी येतो. प्रत्येक गायनवृंदाने त्या दिवसापर्यंत अशी तीन गीते मुद्रण व स्वरलिपीसह धर्मग्रामाच्या कार्यालयात जमा करावीत, असे आम्ही सुचवतो. ज्या ज्येष्ठांनी ती गायली, त्यांच्यासमोर नव्या मुलामुलींनी त्यांतील एक गीत त्या दिवशी गाऊन दाखवावे. काही चुकले तर दुरुस्त करण्यास ती मंडळी आज आपल्यामध्ये आहेत.